विचित्र आवाज, त्याहून विचित्र कव्हरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत आणि त्याच्या रेकॉर्डची कव्हरं यांबद्दलचे हे प्रश्न मला गेली कित्येक वर्षं विचारले जातात. काही कुतूहलानं, काही काळजीनं, आणि एक-दोन सरळ चेष्टेनं. तेच ते किती वेळा सांगायचं म्हणून एकदाचं लिहून काढलं. क्रमाला फारसा अर्थ नाही, हवा तो प्रश्न आधी वाचा.

प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे नक्की काय? नाचायचं संगीत यात धरायचं का?

माझी खूण ढोबळ आहे. मनात आधीच तयार असलेलं गाणं यंत्राकडून वाजवून घेतलं, तर ते इलेक्ट्रॉनिक संगीत. यंत्र, टेप किंवा तबकडी काय काय करू शकते हे चाचपताना जे हाती लागलं तेच ऐकणाऱ्यापुढे ठेवलं, तर ते प्रायोगिक. पहिल्यात चूक सापडली की पुसून टाकतात. दुसऱ्यात ती लूप करून, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून, तासभर ऐकत बसतात.

नाचायचं संगीतही यात येतं, पण कुंपणावर बसून. १९९२ साली इंग्लंडच्या शेफील्डमधल्या वॉर्प या लेबलनं (रेकॉर्ड कंपनीनं) ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ नावाचा संग्रह काढला, तो मुद्दाम घरी बसून ऐकण्यासाठी. कव्हरवर एक रोबो आरामखुर्चीत रेलून धुराची वलयं सोडतोय, आणि जमिनीवर क्राफ्टवेर्क आणि पिंक फ्लॉइड या बँडच्या रेकॉर्डची कव्हरं पडली आहेत. कसं बसायचं, किती निवांत ऐकायचं आणि याआधी काय ऐकलेलं बरं, हे सगळं त्या एका चित्रात आलं. आत काय आहे हे शब्दांत सांगायला मला दोन पानं लागली असती.

याची सुरुवात कुठे झाली?

पॅरिसच्या रेडिओवर, १९४८ साली. पिएर शेफेर हा मुळात रेडिओचा इंजिनिअर. त्यानं रेल्वेच्या इंजिनांचे आवाज ध्वनिमुद्रित केले, ते तबकड्यांवर कापले, उलटसुलट जोडले, आणि त्या वर्षीच्या ५ ऑक्टोबरला अशा पाच रचना प्रसारित केल्या. या प्रकाराला त्यानं ‘म्युझिक काँक्रेत’ असं नाव दिलं. लक्षात घ्या, हे सगळं त्याच्या हाती टेप येण्याआधी, तबकडी कापण्याच्या यंत्रावर झालेलं काम आहे. म्हणजे या संगीतात रेकॉर्ड ही आधी वाद्य झाली आणि मग विकायची वस्तू.

जर्मनीतल्या कोलोनच्या रेडिओ स्टुडिओत मात्र १९५१ पासून उलट्या टोकानं काम चालू होतं. बाहेरचे आवाज नकोत, विजेच्या उपकरणांतून निघालेला शुद्ध स्वरच हवा, असा तिथला हट्ट. संगीतकार श्टॉकहाउझेननं १९५६ मध्ये एका मुलाचा आवाज आणि हे विजेचे स्वर एकत्र गुंफले आणि ते भांडण बरंचसं मिटवलं. लंडनमध्ये १९५८ साली बीबीसीचं रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू झालं. तिथे डीलिया डर्बिशायरनं १९६३ मध्ये टेपचे तुकडे मोजून, कापून, चिकटवून ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेची धून घडवली. रचना रॉन ग्रेनरची, पण आवाज सगळे तिचे. पडद्यावर तिचं नाव यायला ५० वर्षं लागली.

रेकॉर्ड एकाच जागी अडकून तेच तेच वाजतंय. खराब निघाली का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

नेहमीच्या रेकॉर्डवरची खाच बाहेरून आत गोल गोल जात राहते. ती सबंध बाजूभर एकच असते. पण कापणाऱ्यानं ठरवलं तर तो ही खाच स्वतःतच मिटवू शकतो, म्हणजे एक फेरा पूर्ण झाला की सुई पुन्हा त्याच फेऱ्याच्या सुरुवातीला येते. याला लॉक्ड ग्रूव्ह म्हणतात. शेफेरची पहिली मोठी युक्ती हीच होती.

आता थोडं गणित, कारण सगळी गंमत त्यातच आहे. तबकडी मिनिटाला ३३ १/३ वेळा फिरते, म्हणजे एका फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद लागतात. ४५च्या वेगाला साधारण १.३३ सेकंद. याहून लांब आवाज त्या मिटलेल्या खाचेत मावतच नाही. १.८ सेकंदांत चार ठोके समान अंतरानं बसवले तर वेग येतो मिनिटाला १३३ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे टेक्नो या नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा नेहमीचा वेग. हा योगायोग डीजेंच्या चांगलाच पथ्यावर पडला. डेट्रॉइटच्या जेफ मिल्सनं १९९४ मध्ये ‘सायकल ३०’ या रेकॉर्डवर अशा मिटलेल्या खाचाही दिल्या. सुई ठेवा, आणि उचलेपर्यंत तो ठेका चालू.

अमेरिकेतल्या आरआरआरेकॉर्ड्स या लेबलनं हे टोकाला नेलं. १९९८ साली त्यांनी एकाच एलपीवर ५०० लॉक्ड ग्रूव्ह काढले. प्रत्येक खाच एकदाच ऐकायची म्हटलं तर पूर्ण रेकॉर्ड १५ मिनिटांत संपते. न उठता ऐकायची म्हटलं तर पहिलीच खाच संपत नाही.

अमेरिकन रॉक गायक लू रीडनं १९७५ मध्ये ‘मेटल मशीन म्युझिक’ हा गिटारच्या फीडबॅकचा (स्पीकर आणि गिटार यांच्यात घुमत राहणाऱ्या आवाजाचा) दोन तबकड्यांचा अल्बम काढला. त्याच्या चौथ्या बाजूच्या शेवटी अशीच खाच आहे. लेबलवर त्या बाजूच्या वेळेपुढे अनंताचं चिन्ह छापलं होतं. बऱ्याच ग्राहकांनी तो परत केला, आणि कंपनीनंही तो लवकरच बाजारातून काढून घेतला.

तर तुमची रेकॉर्ड खराब आहे की मुद्दाम तशी आहे, हे कसं ओळखायचं? चरा असेल तर सुई उडी मारून मागे येते आणि दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज होतो. लॉक्ड ग्रूव्हमध्ये साधारणपणे तो टक् येत नाही, जोड गुळगुळीत असतो. ‘साधारणपणे’ म्हणतोय, कारण माझा यात एकदा पोपट झालाय. मी दुसऱ्या खोलीत फोनवर बोलत होतो आणि इकडे एक ड्रोनची, म्हणजे एकच स्वर लांबवत नेणाऱ्या संगीताची, रेकॉर्ड चालू होती. वीसेक मिनिटं तो एकच तुकडा ऐकून मनात म्हटलं, काय संयम आहे या माणसाचा. परत येऊन पाहतो तर सुई चऱ्यावर अडकलेली. संयम माझाच होता.

एक व्यवहाराची सूचना: लॉक्ड ग्रूव्ह रात्रभर चालू ठेवून झोपू नका. ३३च्या वेगानं एका तासात सुई त्या एकाच खाचेवरून २००० वेळा जाते. खाचही झिजते आणि सुईही.

या संगीताची कव्हरं इतकी चमत्कारिक का असतात?

कारण दाखवायला काही नसतं. गायिका असली तर तिचा फोटो, सतारवादक असला तर सतार. तारांच्या जंजाळात वाकून बसलेल्या माणसाचा फोटो काढून कोणाला काय कळणार? त्यामुळे कव्हर करणाऱ्याला पहिल्यापासून मोकळं रान मिळालं. शिवाय आतला आवाज कोणाच्या ओळखीचा नसतो. ओळख करून द्यायची जबाबदारी मग कव्हरवरच येते. ती ओळख कधी प्रामाणिक असते, कधी निव्वळ थाप.

यंत्रच दाखवायचं ठरवलं की काय होतं, याचा उत्तम नमुना म्हणजे वेंडी कार्लोसचं १९६८चं ‘स्विच्ड-ऑन बाख’. मोग सिंथेसायझर या विजेनं स्वर घडवणाऱ्या यंत्रावर वाजवलेलं, जुन्या काळच्या बाख या जर्मन संगीतकाराचं संगीत. रेकॉर्ड तुफान खपली, तीन ग्रॅमी मिळाले. पहिल्या कव्हरवर टोप घातलेला, बाखच्या वेशातला माणूस सिंथेसायझरपुढे बसलाय आणि चेहऱ्यावर विदूषकी भाव. कार्लोसला ते अजिबात आवडलं नाही. एक तर बाखची टिंगल झाली होती, आणि दुसरं म्हणजे त्या चित्रातल्या हेडफोनची वायर आवाज बाहेर येतो त्या भोकात नव्हे, तर आत जातो त्या भोकात खुपसलेली होती. त्या बाखला काडीचंही ऐकू आलं नसतं. पुढच्या आवृत्त्यांत फोटो बदलला, बाख उभा राहिला. जुनी प्रत कोणाकडे दिसली तर आधी वायर बघा.

फाउस्ट या जर्मन बँडनं १९७१ मध्ये दुसरी वाट धरली. ‘फाउस्ट’ म्हणजे जर्मनमध्ये मूठ. पारदर्शक कव्हरवर आवळलेल्या मुठीचा एक्स-रे, आत तबकडीही पारदर्शक. हातात घेतली की आरपार स्वतःची बोटं दिसतात आणि त्यावर दुसऱ्या कोणाची तरी हाडं. संगीतही तसंच आहे, गाण्याचा सांगाडा दिसतो पण मांस कुठे आहे ते कळत नाही.

मग एफेक्स ट्विन. हे टोपणनाव घेतलेल्या रिचर्ड डी. जेम्स या संगीतकारानं स्वतःचा दात विचकून हसणारा चेहरा इतक्या ठिकाणी चिकटवला की तोच त्याचा लोगो झाला. १९९९च्या ‘विंडोलिकर’वर तो चेहरा बिकिनीतल्या बाईच्या धडावर आहे. दिग्दर्शक क्रिस कनिंगहॅमची करामत. पाहिल्यावर हसू येतं, मग कसंतरी होतं, मग पुन्हा हसू येतं. पण मला त्याचं २०१४चं ‘सायरो’ जास्त आवडतं. त्या कव्हरवर चित्रच नाही. अल्बम तयार करायला आणि त्याची जाहिरात करायला कशावर किती खर्च झाला, त्याची लांबलचक यादी छापली आहे. ताळेबंदच म्हणा ना.

कव्हरवर ना कलाकाराचं नाव, ना अल्बमचं. मग कळायचं कसं?

बऱ्याचदा कळू नये हाच हेतू असतो. डीजेंसाठी काढलेल्या ‘व्हाइट लेबल’ रेकॉर्डवर फार तर एक रबरी शिक्का असतो. नाव नाही म्हटल्यावर ऐकावंच लागतं.

नाव लपवून सांगण्यात पीटर सॅव्हिल या डिझायनरचा हात कोणी धरू शकणार नाही. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्ससाठी त्यानं १९८३ मध्ये न्यू ऑर्डर या बँडच्या ‘ब्लू मंडे’चं कव्हर केलं. दिसायला ते सव्वापाच इंची फ्लॉपी डिस्क. काळं, मधे गोल भोक, बाजूला कापलेल्या खिडक्या, आणि त्या खिडक्यांतून आतलं चंदेरी पाकीट डोकावतं. अक्षर एकही नाही. उजव्या कडेला फक्त रंगांचे ठोकळे. ते ठोकळे म्हणजे सांकेतिक लिपी. ती वाचायची किल्ली त्याच वर्षीच्या न्यू ऑर्डरच्याच अल्बमच्या मागच्या बाजूला रंगचक्राच्या रूपात दिली होती. म्हणजे एका रेकॉर्डचं नाव वाचायला दुसरी रेकॉर्ड हवी. कापाकापीचा खर्च एवढा होता की प्रत्येक प्रतीमागे लेबलला तोटा व्हायचा, अशी कथा आहे. तोट्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. पुढच्या छपाईत खिडक्या कापणं बंद झालं, नुसतं छापलं.

एफेक्स ट्विनच्या १९९४च्या ‘सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू’वरच्या जवळपास सगळ्या रचनांना नावंच नाहीत. प्रत्येकीसाठी एक छायाचित्र आहे आणि कुठल्या बाजूवर ती किती जागा घेते ते दाखवणारा गोल तक्ता. चाहत्यांनी फोटोंवरून आपापली नावं पाडली आणि आता तीच रूढ आहेत.

कव्हरमुळे शेजारच्या रेकॉर्ड खराब होतात, हे खरं आहे का?

एका कव्हरच्या बाबतीत खरं आहे. द दुरुत्ती कॉलम या बँडचा पहिला अल्बम १९८० साली फॅक्टरीनंच काढला, सँडपेपरच्या कव्हरात. कपाटात ठेवा-काढा केली की दोन्ही बाजूंच्या रेकॉर्डची कव्हरं घासली जाणार. कल्पना त्यांची नव्हती. लेखक गी देबोर आणि चित्रकार आस्गर योर्न यांनी १९५९ मध्ये एका पुस्तकाला असंच वेष्टन घातलं होतं, शेजारच्या पुस्तकांना ओरखडे पडावेत म्हणून. सँडपेपर चिकटवायला जॉय डिव्हिजन या बँडची मंडळी बसली होती. विनोदाचा भाग असा की आतली गिटार इतकी हळुवार आहे, की सँडपेपरच्या खरखरीनंतर ती कानाला मोरपीस वाटते.

क्रिस्टियन मार्क्ले या कलाकारानं याचं दुसरं टोक गाठलं. १९८५ची त्याची ‘रेकॉर्ड विदाउट अ कव्हर’ नावाप्रमाणे कव्हराशिवायच विकली गेली. ती कुठल्याही वेष्टनात ठेवू नये अशी सूचना तबकडीवरच कोरलेली आहे. पडणारा प्रत्येक चरा, बसणारी धूळ, सगळं रचनेत सामील. त्यामुळे कुठल्याही दोन प्रती सारख्या वाजत नाहीत, आणि तुमची प्रत या वर्षी वाजली तशी पुढच्या वर्षी वाजणार नाही. जपून ठेवणाऱ्या संग्राहकांची यात फार पंचाईत होते, आणि मला वाटतं, ती व्हावी अशीच योजना आहे.

आवाजातच चित्र लपवलेलं असतं म्हणे?

असतं. आवाजाचा आलेख काढता येतो: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर स्वराची उंची, आणि जिथे आवाज मोठा तिथे ठिपका उजळ. याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. हाच प्रकार उलटा चालवला, म्हणजे आधी चित्र घेतलं आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा स्वर केला, तर चित्राचा आवाज होतो. मेटासिंथ नावाचं सॉफ्टवेअर हे काम करतं. ‘विंडोलिकर’च्याच रेकॉर्डवर एक रचना आहे, तिचं नाव म्हणजे लांबलचक गणिती सूत्र. तिच्या शेवटाकडे काही सेकंद कर्कश्श खरखर येते. ती स्पेक्ट्रोग्रामवर पाहिली की तोच दात विचकलेला चेहरा समोर येतो. उभा अक्ष लॉगरिदमिक (खालचे स्वर पसरवून वरचे दाटवणारा) ठेवा, नाहीतर चेहरा वेडावाकडा दिसेल. व्हेनेशियन स्नेअर्स या संगीतकारानं २००१ मध्ये असंच करून आवाजात आपली मांजरं दडवली.

खरं सांगायचं तर चित्रातून काढलेला आवाज ऐकायला बहुधा वाईटच असतो. चित्र पाहायला मजा येते, तेवढंच.

आत काय आहे याबद्दल कव्हर उघड खोटं बोलतं, ते चालतं का?

चालतं कसलं, काही वेळा तेच सर्वोत्तम कव्हर ठरतं. थ्रॉबिंग ग्रिसल हा इंग्लंडमधला कर्णकटू आवाजांसाठी प्रसिद्ध असलेला गट. १९७९ मध्ये त्यांनी ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’ काढला. कव्हरवर चौघं जण नीटनेटके कपडे घालून हिरवळीवर, फुलांमध्ये, प्रसन्न चेहऱ्यानं उभे. स्वस्तातला सुगम संगीताचा संग्रह वाटावा असा थाट. आत वीस गाणी नाहीत, जॅझ नाही, फंक तर नाहीच. आणि ती जागा म्हणजे बीची हेड, आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला समुद्रकाठचा कडा. हे माहीत नसताना फोटो गोड दिसतो. एकदा कळल्यावर मात्र त्या हसण्याकडे पाहवत नाही. फोटो तोच, एक अक्षरही बदललेलं नाही.

कव्हरवर वकिलाचा उल्लेख असलेली रेकॉर्ड कोणती?

ऑटेकर या ब्रिटिश जोडीची १९९४ची ‘अँटी ईपी’ (ईपी म्हणजे मोजक्या रचनांची छोटी रेकॉर्ड). त्या वर्षी ब्रिटनमध्ये रेव्ह पार्ट्यांना आळा घालणारा कायदा येत होता, आणि त्यात ‘एकापाठोपाठ येणारे, पुनरावृत्त ठोके’ अशी संगीताची व्याख्याच केली होती. ऑटेकरनं रेकॉर्डवर मोहोर म्हणून स्टिकर लावला आणि इशारा छापला: यातल्या दोन रचनांत पुनरावृत्त ठोके आहेत. तिसरी, ‘फ्लटर’, अशी रचली आहे की तिच्यात कुठलीही दोन आवर्तनं सारखी नाहीत, त्यामुळे ती वाजवायला हरकत नसावी. तरीही डीजेंनी सोबत एक वकील आणि एक संगीततज्ज्ञ बाळगावा. ठेका न मोडता प्रत्येक आवर्तन वेगळं करणं किती कठीण, ते कुठल्याही तबलजीला विचारा.

रेकॉर्डवर वेग लिहिलेला नाही. ३३ लावू की ४५?

दोन्ही लावून पाहा. गाण्यात माणसाचा आवाज असला तर चूक लगेच कळते, इथे कळत नाही. माझ्याकडची एक रेकॉर्ड मी सहा महिने ३३वर ऐकली, खोल, संथ, पाण्याखालून आल्यासारखी. ती ४५ची निघाली. खऱ्या वेगाला ती ठीकच आहे. मी अजून ३३वरच ऐकतो. ऑटेकरची ‘फ्लटर’ मात्र दोन्ही वेगांना चालेल अशीच केलेली आहे, तिथे अपराधी वाटून घेऊ नका.

एकच प्रत काढलेला अल्बम, हे कसं काय?

फ्रेंच संगीतकार जाँ-मिशेल जारनं १९८३ मध्ये ‘म्युझिक पूर सुपरमार्शे’ नावाच्या अल्बमची एकच एलपी काढली. एका चित्रप्रदर्शनासाठी केलेलं संगीत होतं ते. चित्राची मूळ प्रत एकच असते, तर रेकॉर्डची का नको, हा त्याचा सवाल. पॅरिसमध्ये लिलाव झाला, ६९,००० फ्रँकला ती गेली, आणि मूळ टेप व साचे नष्ट केले. रेडिओवर ती एकदाच पूर्ण ऐकवली आणि जार श्रोत्यांना म्हणाला, चोरा हे माझं! लोकांनी चोरलं. आज जे ऐकायला मिळतं ते त्या प्रसारणाचं खरखरीत कॅसेटवरचं रेकॉर्डिंग.

एफेक्स ट्विनचा ‘कॉस्टिक विंडो’ हा अल्बम १९९४ मध्ये चाचणीच्या मोजक्या तबकड्यांपुढे गेलाच नाही. २० वर्षांनी त्यातली एक विक्रीला आली. चार हजारांहून जास्त चाहत्यांनी वर्गणी काढून ती घेतली आणि प्रत्येकाला डिजिटल प्रत मिळाली. मग ती तबकडी पुन्हा लिलावात काढली. ४६,३०० डॉलरला घेतली कोणी, तर ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या निर्मात्यानं.

पण दुर्मीळ म्हणजे चांगलं, या गणिताच्या नादी लागू नका. ५० प्रतींच्या कित्येक कॅसेट ५० प्रतींच्याच लायकीच्या असतात.

रेकॉर्डखेरीज आणखी कशावर हे संगीत निघालंय?

कशावर नाही ते विचारा. १९८३ मध्ये क्रिस सीव्ही या गायकानं ‘कॅमफ्लाज’ या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला झेडएक्स८१ या घरगुती संगणकाचे प्रोग्रॅम ठेवले. कानाला ती किंचाळी, संगणकाला तो खेळ. आरआरआरेकॉर्ड्सच्या एका मालिकेत बाजारातल्या जुन्या कॅसेटवरच नॉइज, म्हणजे गोंगाटाचंच केलेलं संगीत, टेप केलेला असतो, वर चिकटपट्टी आणि पेननं लिहिलेलं नाव. मधेच कधी मूळ गाण्याचा तुकडा खालून डोकं वर काढतो. एफएमथ्री या बीजिंगच्या जोडीनं २००५ मध्ये ‘बुद्ध मशीन’ आणलं. देवळांत मंत्र वाजवत राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीसारखी डबी, आत नऊ लूप आणि छोटासा स्पीकर.

माझं लाडकं मात्र ट्रिस्टन पेरिचचं २०१०चं ‘वन-बिट सिंफनी’. सीडीची पारदर्शक डबी उघडली की सीडी नाही. तिच्या जागी एक मायक्रोचिप, बटणासारखा सेल, दोन-चार तारा आणि कडेला हेडफोनची खोबण. काही ध्वनिमुद्रित केलेलं नाही, चिप तुमच्या देखत वाजवते. शेवटचा भाग बंद करेपर्यंत चालूच राहतो. कव्हर, वाद्य आणि वादक, सगळं एकाच डबीत.

सीडी अडखळते तो आवाजही रचना म्हणून वापरतात का?

हो. यासुनाओ तोने यानं १९८५च्या सुमारास सीडीला टाचणीनं भोकं पाडलेली चिकटपट्टी लावली. यंत्रातली चूक दुरुस्त करणारी यंत्रणा गोंधळली आणि अडखळू लागली. ओव्हाल या जर्मन गटानं नव्वदीत सीडीवर पेननं रेघोट्या मारून मिळालेल्या अडखळण्यांतून फार सुंदर अल्बम केले. ग्लिच म्हणतात तो प्रकार इथून रुजला. घरी करून पाहायचं तर जुनं, टाकाऊ यंत्र वापरा.

मूळ प्रत घ्यावी की रीइश्यू?

ऐकायचं असेल तर रीइश्यू, म्हणजे नव्यानं काढलेली आवृत्ती. मॉर्ट गार्सनचं १९७६चं ‘प्लांटेशिया’ हे झाडांना ऐकवायचं मोग संगीत. लॉस एंजेलिसच्या एका झाडांच्या दुकानात रोप घेतलं की किंवा एका कंपनीची गादी घेतली की ते मिळायचं. मूळ प्रती त्यामुळे संगीतप्रेमींपेक्षा कुंड्यांशेजारीच जास्त राहिल्या. २०१९च्या रीइश्यूनं ते पुन्हा कानांपर्यंत आणलं.

चरणजित सिंग यांची १९८२ची ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तर त्याहून मोठी गोष्ट. दहा राग, सोबत रोलंड कंपनीची टीबी-३०३ (खालचे सूर वाजवणारं) आणि टीआर-८०८ (ठेका धरणारं) ही यंत्रं. त्या वेळी कोणी फारसं विचारलं नाही. २०१०च्या रीइश्यूनंतर जग चाट पडलं, कारण हाच ३०३चा चिवचिवाट पुढे १९८७ मध्ये शिकागोहून ‘ॲसिड’ म्हणून गाजला होता. इथे कोणी कोणाची नक्कल केलेली नाही. सरकत्या, मिंडेच्या स्वराला ते यंत्र सोयीचं होतं, एवढंच.

खरेदीआधी डिस्कॉग्ज ही रेकॉर्डच्या नोंदींची वेबसाइट पाहा. २००० साली ते फक्त इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची यादी म्हणून सुरू झालं, त्यामुळे या प्रांतात तिथली माहिती विशेष बारीक असते. लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेले आकडे तिथल्या नोंदीशी ताडून घ्या. कव्हर खोटं करता येतं, ते आकडे सहसा कोणी खोटे करत नाही.

कव्हर जपायचं कसं?

रेकॉर्ड उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. नाहीतर तबकडीची गोल वळी कव्हरावर कायमची उमटते. बाहेरचं पाकीट पॉलिथिनचं घ्या. मऊ पीव्हीसीचं पाकीट उष्णतेनं तबकडीवर धुकट डाग पाडतं.

टपालानं मागवताना विक्रेत्याला स्पष्ट सांगा: तबकडी कव्हरातून बाहेर काढून मागे वेगळी ठेवा. मी एकदा सांगूनही त्यानं आतच ठेवून पाठवली. वाटेत कुठेतरी पुडकं आपटलं, तबकडीनं करवतीसारखं काम केलं आणि वरची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवली. तक्रार केली तर उत्तर आलं, तबकडी वाजतेय ना? वाजतेय. पण मी कव्हरासाठीच घेतली होती ती.

घरचे म्हणतात हा नुसता गोंगाट आहे. काय सांगू?

काही सांगू नका, हेडफोन घ्या.

आजवरचं सर्वांत विचित्र कव्हर कोणतं?

ते पृथ्वीवर नाही. १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांवर एकेक सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी पाठवली. कव्हर ॲल्युमिनियमचं. त्यावर सुई कशी ठेवायची, किती वेगानं फिरवायची (१६ २/३, म्हणजे एलपीच्या निम्मा वेग) याच्या आकृत्या कोरलेल्या आहेत, आणि आपला पत्ता म्हणून १४ पल्सार ताऱ्यांचा (ठरावीक अंतरानं स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांचा) नकाशा. दोनच वर्षांनी सॅव्हिलनं जॉय डिव्हिजनच्या कव्हरवर काळ्यावर पांढऱ्या रेघांत एका पल्सारच्याच लहरी छापल्या. त्या आता टी-शर्टवर दिसतात, व्हॉयेजरचं कव्हर अजून कोणाला सापडलेलं नाही. कव्हरावर युरेनियम-२३८चा एक ठिपकाही आहे. त्याचं अर्धआयुष्य सुमारे साडेचार अब्ज वर्षं, म्हणजे किती उरलं ते मोजून रेकॉर्ड किती जुनी आहे हे सापडणाऱ्याला काढता यावं.

त्या तबकडीवर प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीतही आहे. संगीतकार लॉरी स्पीगलनं खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या ग्रहगणितावरून संगणकाकडून काढलेले, एकमेकांवर चढत जाणारे स्वर. पृथ्वीच्या आवाजांचा भाग त्यांनीच सुरू होतो. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. आणि लेबलजवळच्या त्या कोऱ्या पट्ट्यात, जिथे आपण आकडे शोधतो, तिथे हातानं कोरलंय: सर्व जगांतल्या, सर्व काळांतल्या संगीत घडवणाऱ्यांना.